पाच तास : ६ डिसेंबर १९९२ आणि कल्याण सिंह

अयोध्येत त्या रविवारी काय घडले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्याच वेळी लखनौमध्ये, ५ कालिदास मार्ग या मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यात काय चालले होते, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. उत्तर प्रदेशचे पोलीस आणि प्रशासन ज्यांच्या हुकमतीत होते, ते कल्याण सिंह दिवसभर तिथेच होते.

कल्याण सिंह हे अलीगढ जिल्ह्यातील अतरौलीचे. लोध समाजातले, पेशाने शिक्षक. १९६७ मध्ये ते पहिल्यांदा आमदार झाले, आणीबाणीत तुरुंगात गेले, १९७७ च्या जनता सरकारात मंत्री झाले. उच्चवर्णीयांचा पक्ष म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाजपला उत्तर प्रदेशात मागासवर्गीयांचा चेहरा मिळाला तो त्यांच्यामुळे. २४ जून १९९१ रोजी ते मुख्यमंत्री झाले. कडक प्रशासक अशी त्यांची ख्याती झाली. त्यांच्याच सरकारने परीक्षेतील कॉपी हा अजामीनपात्र गुन्हा ठरवला आणि विद्यार्थ्यांना अटका झाल्या. कायदा कसा राबवायचा, हे या माणसाला चांगले कळत होते. पुढचे सारे वाचताना एवढे लक्षात ठेवावे.

आधीचे महिने

ऑक्टोबर १९९१ मध्ये त्यांच्या सरकारने बाबरी मशिदीच्या वादग्रस्त वास्तूलगतची २.७७ एकर जमीन संपादित केली. २ नोव्हेंबरला राष्ट्रीय एकात्मता परिषदेत त्यांनी वास्तूच्या रक्षणाची हमी दिली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती हमी आपल्या आदेशात नोंदवून घेतली. तरीही जुलै १९९२ मध्ये त्या जमिनीवर काँक्रीटचा चबुतरा उभा राहिला. दिलेल्या शब्दाची किंमत काय, हे दिल्लीला तेव्हाच कळायला हवे होते.

दिल्लीत त्या वेळी गृहमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण, केंद्रीय गृहसचिव होते माधव गोडबोले आणि संरक्षणमंत्री शरद पवार. गोडबोले यांनी नोव्हेंबरमध्येच राष्ट्रपती राजवट लावून वास्तू केंद्रीय दलांच्या ताब्यात घेण्याची योजना तयार केली होती. ६ डिसेंबरच्या कारसेवेसाठी गर्दी जमण्याआधी हे करणे हाच त्या योजनेचा गाभा होता. पंतप्रधान नरसिंह राव यांनी ती अमलात आणली नाही. राज्यपाल बी. सत्यनारायण रेड्डी यांनीही सरकार बरखास्त करू नये, असाच सल्ला दिला. गोडबोले यांनी पुढच्या वर्षी मुदतीआधीच सेवा सोडली.

२८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे आणखी एक हमीपत्र स्वीकारले. कारसेवा, म्हणजे राममंदिरासाठी स्वयंसेवकांनी करायचे काम, फक्त प्रतीकात्मक होईल, शरयूची वाळू आणि पाणी आणून पूजा होईल, बांधकाम होणार नाही, असे त्याचे स्वरूप होते. देखरेखीसाठी मुरादाबादचे जिल्हा न्यायाधीश तेज शंकर यांना निरीक्षक नेमण्यात आले. केंद्रीय दलांचे सुमारे वीस हजार जवान फैजाबाद परिसरात येऊन थांबले होते. मात्र राज्य सरकारने बोलावल्याशिवाय त्यांना हलता येत नव्हते. कल्याण सिंह यांनी त्यांना बोलावणे तर दूरच, त्यांच्या तैनातीलाच आक्षेप घेतला होता.

६ डिसेंबर, सकाळ

मुंबईत दादरच्या चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. ज्यांनी घटना लिहिली त्यांचा हा महापरिनिर्वाण दिन, आणि त्याच दिवशी घटनेची शपथ घेतलेले एक राज्य सरकार आपल्या हमीपत्राच्या परीक्षेला बसले होते.

अयोध्येत रामकथा कुंजासमोरच्या सभेला सत्तर-ऐंशी हजारांचा जमाव होता. साडेदहाच्या सुमारास लालकृष्ण अडवाणी, मुरली मनोहर जोशी आणि अन्य नेते तिथे पोहोचले. कारसेवेचा मुहूर्त सव्वाबाराचा होता.

दुपारी १२ च्या आसपास

मुहूर्ताआधीच काही कारसेवकांनी कठडे ओलांडले. बघता बघता दीडशे जण घेरा तोडून आत शिरले, सुमारे ऐंशी जण घुमटांवर चढले आणि कुदळी, हातोडे, लोखंडी सळया चालू लागल्या. राज्याचे पोलीस बाजूला झाले. व्यासपीठावरून परत फिरण्याची आवाहने झाली, पण ती कोणी ऐकली नाहीत. पत्रकारांना आणि छायाचित्रकारांना मारहाण झाली, त्यांचे कॅमेरे फोडले गेले.

या घडीला वास्तू उभी होती. भिंतींना अजून मोठे खिंडार पडले नव्हते आणि फैजाबादहून अयोध्या अवघ्या काही किलोमीटरवर होती. मला हा क्षण सर्वांत निर्णायक वाटतो.

दुपारी १ नंतर, लखनौ

प्रधान सचिव योगेंद्र नारायण यांनी निवृत्तीनंतर या दुपारची हकीकत सांगितली आहे. पोलीस महासंचालक एस. एम. त्रिपाठी धावत बंगल्यावर आले आणि त्यांनी गोळीबाराची परवानगी मागितली. कल्याण सिंह यांनी ती नाकारली. अश्रुधूर, लाठ्या असे दुसरे उपाय करा, असे त्यांनी सांगितले. त्रिपाठींनी हा आदेश लेखी मागितला. मुख्यमंत्र्यांनी फाइल घेऊन गोळीबार करायचा नाही असे स्वतःच्या हाताने लिहिले आणि सही केली.

यामागे इतिहास होता. १९९० मध्ये मुलायम सिंह यादव यांच्या सरकारने याच अयोध्येत कारसेवकांवर गोळ्या चालवल्या होत्या आणि माणसे मेली होती. आपल्या हातून तसे होऊ नये असे कल्याण सिंह यांना वाटले असेल, तर त्यात गैर काहीच नाही. हजारोंच्या गर्दीवर गोळीबार झाला असता तर किती जीव गेले असते, याची कल्पनाही करवत नाही. पण हा पेच सहा डिसेंबरच्या दुपारी आभाळातून पडला नव्हता. इतकी माणसे त्या जागेपाशी जमू दिली ती त्यांच्याच सरकारने, केंद्रीय दले दूर ठेवली तीही त्यांच्याच सरकारने. गोळीबार किंवा शरणागती एवढेच दोन पर्याय उरावेत, अशी स्थिती आधी निर्माण केली गेली. मग त्यांतला एक निवडून त्याला दयाबुद्धीचे नाव दिले गेले.

शंकरराव चव्हाण यांचा फोन आला तो याच सुमारास. ही हकीकत कल्याण सिंह पुढे जाहीर सभांतून अभिमानाने सांगत. कारसेवक घुमटावर चढल्याचे कळले आहे, असे गृहमंत्री म्हणाले. त्यावर आपण उत्तर दिले की आमच्याकडची खबर याच्या एक पाऊल पुढची आहे, त्यांनी तोडायला सुरुवात केली आहे, पण आपण गोळी चालवणार नाही. ज्या राज्याने रक्षणाची लेखी हमी दिली होती त्याचा मुख्यमंत्री देशाच्या गृहमंत्र्याला असे ऐकवत होता, आणि गृहमंत्री ऐकून घेत होता. दिल्लीच्या हातात त्या क्षणीही घटनेने दिलेले अधिकार होते.

१.५५

पहिला घुमट कोसळला.

दुपारी दोननंतर

केंद्रीय दलाच्या तीन बटालियन फैजाबादहून निघाल्या. वाटेत अडथळे होते, साकेत महाविद्यालयापाशी दगडफेक झाली. अशा दलाबरोबर दंडाधिकारी असावा लागतो. सोबतच्या दंडाधिकाऱ्याने परत फिरण्याचा लेखी आदेश दिला आणि जवान माघारी गेले. त्या दिवशी उत्तर प्रदेश प्रशासनाचे सारे हुकूम न थांबवण्याचेच होते, आणि ते रीतसर कागदावर उमटत होते.

३.३०

दुसरा घुमट पडला. अयोध्येत मुस्लिमांच्या घरांवर हल्ले सुरू झाले.

पाचच्या आधी

मधला, सर्वांत मोठा घुमट खाली आला. १५२८ मध्ये उभारलेल्या मशिदीच्या जागी मातीचा आणि विटांचा ढीग उरला. पहिला माणूस घुमटावर चढल्यापासून जवळपास पाच तास गेले होते.

सुमारे ५.३०

कल्याण सिंह यांनी स्वतःच्या लेटरहेडवर राजीनामा लिहिला आणि राज्यपालांकडे गेले. पुढची तीस वर्षे त्यांच्या चाहत्यांनी या राजीनाम्याचे वर्णन त्याग असे केले. रामासाठी सत्ता सोडली, अशी घोषणाच झाली. मला हे मुळीच पटत नाही. रक्षण करायचे होते तोवर ते खुर्चीवर होते. रक्षण करण्याजोगे काही उरले नाही तेव्हा त्यांनी खुर्ची सोडली.

रात्र

पावणेसातच्या सुमारास वास्तूतल्या रामलल्लाच्या मूर्ती ढिगाऱ्यावर पुन्हा ठेवण्यात आल्या. साडेसातला तात्पुरत्या मंदिराचे काम सुरू झाले. ९.१० ला उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू झाली. तरीही केंद्रीय दलांनी जागेचा ताबा घेतला तो ८ डिसेंबरच्या पहाटे, आणि तेव्हा त्यांना फारसा प्रतिकार झाला नाही. मधल्या दीड दिवसात मंदिर उभे राहिले होते.

मुंबईत त्याच रात्री दंगल पेटली. डिसेंबर आणि जानेवारीच्या दोन फेऱ्यांत मिळून ९०० माणसे मेली. न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अनोळखी आणि ५ इतर होते. अतरौलीच्या एका नेत्याने लखनौत बसून फाइलवर लिहिलेल्या ओळीची झळ डोंगरी, जोगेश्वरी आणि धारावीपर्यंत पोहोचली. ज्यांची घरे तेव्हा जळली, त्यांतले कितीतरी जण जुन्या वस्तीत परत राहायला गेलेच नाहीत.

त्यानंतर

१९९३ च्या निवडणुकीत भाजपला सत्ता परत मिळाली नाही, पण कल्याण सिंह अतरौली आणि कासगंज अशा दोन्ही जागांवर निवडून आले. १९९७ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९९८ मध्ये राज्यपाल रोमेश भंडारी यांनी त्यांना एका रात्रीत हटवून जगदंबिका पाल यांना शपथ दिली. तेव्हा न्यायालयांनीच त्यांना खुर्ची परत मिळवून दिली आणि सभागृहात ते २२५ विरुद्ध १९६ मतांनी जिंकले. ज्या न्यायसंस्थेला दिलेला शब्द त्यांनी मोडला होता, तिने त्यांच्या हक्काच्या वेळी हात आखडता घेतला नाही.

वाजपेयींशी बिनसल्यावर १९९९ मध्ये ते पक्षाबाहेर पडले. स्वतःचा पक्ष काढून झाला, परत येऊन झाले, २००९ मध्ये मुलायम सिंहांच्या पाठिंब्यावर एटाहून लोकसभेत जाऊन झाले, पुन्हा स्वगृही परतून झाले. २०१४ ते २०१९ ते राजस्थानचे राज्यपाल होते आणि त्या पदाच्या संरक्षणामुळे त्यांच्यावर खटला चालवता येत नव्हता. ३० सप्टेंबर २०२० रोजी विशेष न्यायालयाने मशीद पाडल्याच्या खटल्यातील त्यांच्यासह सर्व ३२ आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. त्याआधी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमीन मंदिराला देताना मशीद पाडणे हा कायद्याचा घोर भंग असल्याचे म्हटले होते. कल्याण सिंह २१ ऑगस्ट २०२१ रोजी वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

त्यांना या सगळ्या प्रकरणात एकच शिक्षा झाली. २४ ऑक्टोबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल त्यांना एक दिवसाची कैद आणि दोन हजार रुपये दंड ठोठावला. ती शिक्षाही जुलैमधल्या चबुतऱ्यासाठी होती. सहा डिसेंबरच्या अवमानाची प्रकरणे न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये, आता त्यात काही उरलेले नाही असे सांगून, बंद केली.