ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर म्हणजे काय? बदलापूर प्रकरणाने हा प्रश्न का पुढे आणला?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं. गुन्हा नोंदवायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवल्याचा आरोप झाला. २० ऑगस्टला संतप्त लोक बदलापूर स्टेशनवर रुळांवर उतरले. तीन पोलीस निलंबित झाले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि जबाबासाठी मुलीला घरी न भेटता ठाण्यात बोलावल्याबद्दल पोलिसांना फटकारलं.

संकल्पना काय आहे?

अत्याचार, हिंसा किंवा अपघात संपला तरी त्याचा धक्का मनात आणि शरीरात राहतो. अशा व्यक्तीला ताटकळत ठेवलं, चारचौघांत प्रश्न विचारले, तेच तेच सांगायला लावलं, तर जखम पुन्हा उघडी पडते. ती उघडी पडू नये अशा पद्धतीने मदत करणं म्हणजे ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर. 'तू अशी का वागतेस?' ऐवजी 'तुझ्यासोबत काय घडलं?' हा विचार त्यामागे असतो.

कायदा काय सांगतो?

२०१२ च्या पॉक्सो कायद्यात ही काळजी लिहिलेलीच आहे.

- मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हवं तिथे घ्यावा. जबाब घेणारी शक्यतो महिला अधिकारी असावी आणि ती गणवेशात नसावी.
- मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.
- मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने, पालक किंवा विश्वासातल्या व्यक्तीसमोर करावी. त्यासाठी गुन्हा नोंदवला जाण्याची वाट पाहावी लागत नाही.
- कोर्टात मुलाला वारंवार बोलावू नये. साक्षीदरम्यान विश्रांती द्यावी.

अंबरनाथ-बदलापूरचे अनेक रुग्ण उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात येतात. अशा गर्दीच्या ठिकाणी वेगळी खोली आणि केसपेपरवरची नोंद मोठ्याने न वाचणं, एवढ्यानेही फरक पडतो.

असं कुठे झालंय?

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेने २००० च्या सुमारास 'दिलासा' केंद्र सुरू केलं. वारंवार जखमा घेऊन येणाऱ्या महिलेच्या घरी हिंसा होत असेल का, हे ओळखायला तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवलं गेलं. तिला समुपदेशन त्याच रुग्णालयात मिळू लागलं.

तुम्ही काय करू शकता?

मूल काही सांगत असेल तर मध्ये न तोडता ऐका, त्यावर विश्वास ठेवा आणि उलटतपासणी करू नका. चाइल्डलाइन १०९८ वर फोन करा. पीडित मुलाचं नाव, फोटो, शाळा किंवा घराचा पत्ता उघड करणं हा गुन्हा आहे. संतापाच्या भरात फॉरवर्ड केलेली पोस्टही त्या कुटुंबाला पुन्हा त्याच दिवसात नेऊन सोडते.