खुणा नसलेल्या कांड्या

पहिलीच्या वर्गात 'पाच' कसा दाखवाल? बहुतेक जण पाच चिंचोके मांडतील. मूल एकेकावर बोट ठेवत मोजते आणि 'पाच' म्हणते. त्यात आणखी दोन ठेवले की ते पुन्हा एकपासून सुरुवात करते! मुलाला संख्या 'दिसते' म्हणजे नेमके काय दिसते, हा प्रश्न शिक्षकांपुढे जुनाच आहे.

मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले. तिथल्या त्यांच्या साधनांत दहा काठ्यांचा एक संच प्रसिद्ध आहे. सर्वांत लहान काठी 10 सेंटिमीटरची, सर्वांत मोठी एक मीटरची. दर 10 सेंटिमीटरला रंग बदलतो, लाल, निळा, पुन्हा लाल. इथे पाच म्हणजे पाच सुट्या वस्तू नाहीत, एक सलग काठी आहे. एक मीटरची काठी उचलायला दोन्ही हात लांब पसरावे लागतात, हेही शिकणेच. पुढे 1939 साली माँटेसरी भारतात आल्या. पण त्यापूर्वीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी त्यांची पद्धत इथे रुजवायला घेतली होती. महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे ओळखून ताराबाईंनी 1945 नंतर बोर्डीला खडे, बिया, शिंपले यांचाच उपयोग केला.

माँटेसरींच्या काठीवरचे लाल-निळे भाग मात्र मुलाला मोजता येतातच. बेल्जियममधल्या त्वँ या गावचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी तेही काढून टाकले. ते संगीतही शिकवत. संगीतात रमणारी मुले गणितात का अडखळतात, हे कोडे त्यांना पडले होते. त्यांनी लाकडाच्या कांड्या केल्या. जाडी एक सेंटिमीटर, लांबी 1 ते 10 सेंटिमीटर, प्रत्येक लांबीला एक रंग, आणि खूण एकही नाही. रंग नात्यांनी निवडले होते. 2, 4, 8 लाल कुळातले. 3, 6, 9 हिरव्या-निळ्या. 5 आणि 10 पिवळ्या-नारिंगी. सात बिचारा एकटाच, काळा. 1952 साली 'रंगांतील संख्या' अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे फ्रेंच पुस्तक निघाले.

पुढच्याच वर्षी कॅलेब गॅतेन्यो हे गणितज्ञ त्वँला येऊन वर्ग पाहून गेले आणि या कांड्यांचे जगभर प्रचारक झाले. त्यांचा आग्रह असा, की सुरुवातीला अंक सांगूच नका. आधी मुलांना मनसोक्त खेळू द्या. लाल आणि फिकट हिरवी टोकाला टोक लावून ठेवली की पिवळीएवढी होते, हे मूल स्वतःच शोधते. 2 + 3 = 5 हे नंतर. म्हणजे आधी बीजगणित, मग अंकगणित!

1960च्या दशकात अनेक देशांतील शाळांनी या पेट्या घेतल्या. पण कितीतरी ठिकाणी रंगांचाच पाढा झाला. पांढरी म्हणजे एक, लाल म्हणजे दोन, घोका! अशा वर्गात 'लाल कांडीला एक म्हटले तर पांढरी किती?' असे विचारले तर मुले गप्प होतात. लांब्यांची तुलना करत आलेले मूल मात्र दोन पांढऱ्या लालशेजारी ठेवून 'अर्धी' म्हणते. अपूर्णांक त्याला पाचवीपर्यंत थांबवत नाही. माझ्या मते साधनाची परीक्षा या एका प्रश्नात होते.

अशीच आणखी एक गंमत. फिकट हिरवीएवढी 'आगगाडी' किती प्रकारे जुळवता येईल? एक अखंड हिरवी, लाल-पांढरी, पांढरी-लाल, तीन पांढऱ्या: चार प्रकार. पुढच्या जांभळीचे आठ, पिवळीचे सोळा. दर वेळी दुप्पट का होते, हे मोठ्या मुलांना शोधायला द्यावे.

जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापूनही हे सारे करता येते. मापासाठी आलेखकागद वापरलात, तर त्याची चौकटींची बाजू पुठ्ठ्याकडे करून चिकटवा. नाहीतर मुले पुन्हा घरेच मोजत बसतील.