जयपूर फूट: डॉक्टरांना अडलेलं कोडं कारागिराने कसं सोडवलं?

अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी १९८१च्या अपघातात पाय गमावला आणि नंतर कृत्रिम पायावर पुन्हा भरतनाट्यम केलं, हे अनेकांना माहीत असतं. तो पाय म्हणजे जयपूर फूट. तो तयार कसा झाला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

१९६०च्या दशकात डॉ. प्रमोद करण सेठी जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ होते. पाय कापावा लागलेल्या रुग्णांना तेव्हा परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बसवला जायचा. पण अनेक जण घरी गेल्यावर तो काढून ठेवायचे आणि पुन्हा कुबड्या घ्यायचे.

का? कारण तो पाय बुटात घालण्यासाठी बनवलेला होता आणि घोट्यात वळत नव्हता. मांडी घालणं, उकिडवं बसणं, चिखलातून शेतात जाणं, देवळात अनवाणी जाणं, काहीच जमेना. डॉक्टरांच्या मोजमापात पाय बरोबर होता, फक्त वापरणाऱ्याच्या उपयोगाचा नव्हता.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा रुग्णांना हस्तकला शिकवत. सगळे त्यांना ‘मास्टरजी’ म्हणत. शालेय शिक्षण जेमतेम, पण हातात कला. सायकल पंक्चर झाली म्हणून ते दुकानात थांबले, तिथे टायरवर रबर चढवताना पाहिलं आणि पायही असाच करता येईल हे त्यांना सुचलं, असं सांगतात. गोष्ट थोडी फिल्मी वाटते. पण रबर हेच उत्तर निघालं.

पहिले प्रयत्न फसले, कारण पूर्ण रबराचा पाय फार जड होई. मग टाच आणि चवड्याला हलकं स्पंजसारखं रबर, घोट्याला लाकूड आणि बाहेरून त्वचेच्या रंगाचं चिवट रबर अशी रचना ठरली. शरीराचा भार कुठे येतो हे डॉक्टरांना माहीत होतं, कोणता माल कसा वाकतो हे मास्टरजींना. आणि रोज जमिनीवर बसताना काय अडतं, ते फक्त रुग्ण सांगू शकत होते.

यामागचं तत्त्व लू हाँग आणि स्कॉट पेज यांनी २००४ मध्ये गणिती मॉडेलमधून मांडलं. सगळेच तज्ज्ञ एकसारखा विचार करणारे असतील, तर ते एकाच ठिकाणी अडकतात. वेगळ्या पद्धतीने विचार करणारा तिथून वाट काढू शकतो. या मॉडेलवर गणितज्ञांनी टीकाही केली आहे. शिवाय वेगवेगळी माणसं नुसती एकत्र बसवून काही होत नाही. कारागीर बोलतो तेव्हा सर्जनने ऐकावं लागतं, आणि आपल्याकडच्या रुग्णालयांत ही सोपी गोष्ट नाही.

जयपूरमध्ये ऐकलं गेलं. श्रेयाचं मात्र वेगळं झालं. १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला. रामचंद्र शर्मा हे नाव आजही अनेकांना गुगल करावं लागतं.