पाळीव प्राण्यांचे वर्तनचिकित्सक

कुत्रा, मांजर इ. सोबतीच्या प्राण्यांमधील वर्तनदोषांचे निदान व उपचार करणारे आणि ही विद्या शिकविणारे व्यावसायिक. पाव्हलॉव्ह यांचे अभिसंधानविषयक संशोधन (पहा : अभिसंधान) आणि लोरेन्ट्स, टिनबर्जेन यांचे प्राणिवर्तनशास्त्र हा तिचा पाया होय. ब्रिटनमध्ये रॉजर मगफर्ड यांनी १९७९ मध्ये वर्तनकेंद्र काढले. १९८९ मध्ये वर्तन-सल्लागारांची संघटना स्थापन झाली. अमेरिकेत १९९३ मध्ये वर्तनचिकित्सा ही पशुवैद्यकाची विशेषशाखा ठरली.

प्रथम शारीरिक तपासणी होते, कारण एकाएकी चावू लागलेल्या कुत्र्याला सांधेदुखी वा दातदुखीही असू शकते. नंतर घराची दिनचर्या व मालकाचे वागणे नोंदतात. उपचारांचा मोठा भाग वस्तुतः मालकाच्याच सवयींवर चालतो. फटाक्यांना भिणाऱ्या कुत्र्याला त्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी मंद ऐकवून आवडता खाऊ देतात. तो स्वस्थ राहिला तरच आवाज किंचित वाढवितात (पहा : विसंवेदनीकरण). औषधे पशुवैद्यच देतो. कुत्र्यांच्या एकटे राहण्याच्या चिंतेवर क्लोमिप्रामिन या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली.

वर्तनदोषांपायी प्राणी टाकून देणे वा त्यांना दयामरण देणे या उपचारांनी टळू शकते. केवळ आज्ञापालन शिकविणारा श्वानप्रशिक्षक (पहा) वर्तनचिकित्सकाहून वेगळा. मात्र ब्रिटनमध्ये ‘वर्तनतज्ज्ञ’ या उपाधीला कायद्याचे संरक्षण नाही.