नवी मुंबईची उभारणी आणि प्रकल्पव्यवस्थापनाची कौशल्ये

मोठ्या तांत्रिक प्रकल्पांचा इतिहास लिहिताना काय बांधले गेले याची नोंद विपुल मिळते. ते बांधण्यासाठी जमीन, पैसा, माणसे आणि काळ यांची सांगड कोणी व कशी घातली, याची नोंद मात्र विरळ असते. योजक मिळणे दुर्घट, असे आपल्याकडे पूर्वापार मानले गेले आहे. परंतु योजकाच्या अंगी नेमके कोणते गुण लागतात, याची ऐतिहासिक चिकित्सा व्हावी तितकी झालेली नाही. अशा चिकित्सेसाठी नवी मुंबईचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, या एकाच संस्थेने १९७० पासून येथे रस्ते, जलनिःसारण, घरे, लोहमार्ग, मेट्रो आणि अखेर विमानतळ अशी भिन्न स्वरूपाची कामे हाती घेतली. संस्था तीच, भूमी तीच, आणि कामाचे स्वरूप मात्र पालटत गेलेले. त्यामुळे कोणत्या कौशल्याने काय साधले आणि कोणत्या उणिवेने काय अडले, हे येथे बऱ्याच स्पष्टपणे पाहता येते.

१

खाडीपलीकडे शहर वसविण्याची कल्पना एकाएकी जन्मली नाही. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९५९ साली ठाणे खाडीवर पूल बांधून मुंबईची वाढ मुख्य भूमीकडे वळविण्याची शिफारस केली होती. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून पूर्वेकडील नव्या शहराची मांडणी केली. त्याच वर्षी शासनाने धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने प्रादेशिक नियोजनाचा आग्रह धरला. या विचारांची परिणती १७ मार्च १९७० रोजी सिडकोच्या स्थापनेत झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र, त्यातील ९५ गावे आणि वीस लाख लोकवस्तीचे उद्दिष्ट, असा या कार्याचा पसारा होता.

पहिल्या काळातील नेतृत्वाची जुळणी लक्षणीय होती. मुंबई महापालिकेचे आयुक्तपद भूषविलेले जे. बी. डिसूझा व्यवस्थापकीय संचालक, केम्प्स कॉर्नरच्या उड्डाणपुलाचे अभियंते शिरीष पटेल नियोजन व बांधकामाचे प्रमुख, आणि कोरिया मुख्य वास्तुरचनाकार. प्रशासन, अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्र या तीन विद्या एका मेजाभोवती आल्या. १९७३ साली विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात एकाच केंद्राभोवती वाढणाऱ्या शहराऐवजी वाहतुकीच्या मार्गावर गुंफलेल्या उपनगरांची माळ कल्पिली होती. भिन्न शास्त्रांच्या जाणकारांना एकमेकांची भाषा समजेल अशी व्यवस्था करणे, हे व्यवस्थापनाचे पहिले कौशल्य होय. आणि ते या पहिल्या पर्वात निःसंशय दिसते.

२

दुसरे कौशल्य स्थानिक निसर्गाशी जुळवून घेण्याचे. वाशी व आसपासचा बराच भाग भरतीच्या पातळीहून खाली. ती सारी जमीन भराव घालून उंच करावयाची तर खर्च अफाट होता. त्याऐवजी बांध घालून समुद्राचे पाणी बाहेर रोखण्याची आणि आत धारणतलाव खोदण्याची योजना झाली. भरतीच्या वेळी झडपा आपोआप मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जाते. ही पद्धती डच म्हणून ओळखली जाते. परंतु याच किनाऱ्यावरील आगरी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खारबंदिस्तीचे बांध घालून व त्यांना उघाड्या ठेवून भातशेती करीत आला होता, आणि त्या उघाडीचे तत्त्व हेच होते. ज्या ज्ञानाला परदेशी नाव मिळाले ते येथील बांधावर उभेच होते, ही गोष्ट इतिहासकाराने विसरू नये.

या तलावांची पुढील कथाही बोधप्रद आहे. गाळ साचत गेला, त्यावर खारफुटी वाढली, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने तलाव उपसणे हा न्यायालयीन परवानगीचा विषय होऊन बसला. शेतकऱ्याचा बांध दरवर्षी डागडुजी मागत असे आणि ती गाव मिळून करीत असे. नव्या व्यवस्थेत रचना उतरली, पण तिच्यामागील नित्य देखभालीची शिस्त तितकीशी उतरली नाही. प्रकल्प बांधून हस्तांतरित केला की संपला, ही समजूत व्यवस्थापनातील मोठा दोष होय.

३

सिडकोची अर्थरचना साधी पण धाडसी होती. शासनाने जमीन संपादून द्यावी, सिडकोने ती विकसित करून विकावी, आणि त्या उत्पन्नातून पुढील विकास करावा. जमीन हेच भांडवल होते. परंतु हे चक्र फिरण्यासाठी लोकांनी तेथे येणे आवश्यक होते. आणि लोक येणार ते रोजगार व वाहतूक यांच्यामागून. या दोन्ही गोष्टी सिडकोच्या हातात नव्हत्या. शासनाचे मुख्य कार्यालय खाडीपलीकडे हलावे अशी नियोजकांची अपेक्षा होती. मंत्रालय मात्र दक्षिण मुंबईतच राहिले आणि नरिमन पॉइंटच्या भरावावर कार्यालयांचे मनोरे चढत गेले. खाडीवरील रस्त्याचा पूल १९७३ साली खुला झाला, पण लोहमार्ग येण्यास पुढे जवळजवळ दोन दशके लागली.

ही कोंडी जिने फुटली ती तडजोड व्यवस्थापनाच्या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे. मानखुर्द–वाशी मार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलावा असे ठरले. उपनगरी लोहमार्गाचा बहुतांश खर्च एका नगरविकास संस्थेने सोसणे ही तोवर अनोळखी गोष्ट होती. सिडकोने स्थानकांना जोडून कार्यालयांच्या इमारती उभारल्या आणि तिकिटावर अधिभार बसविला गेला. ९ मे १९९२ रोजी वाशीला गाडी पोहोचली. १९९८ पर्यंत मार्ग पनवेलला भिडला, आणि त्यानंतर शहराची वाढ वेगाने झाली. ज्या संस्थेवर आपली सत्ता चालत नाही तिच्याशी करार करण्याची हातोटी, हे तिसरे कौशल्य. ते येथे साधले, परंतु फार उशिरा.

४

या इतिहासातील सर्वांत वेदनामय प्रकरण भूमिसंपादनाचे आहे. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यान्वये आगरी, कोळी, कराडी समाजांची भातशेते आणि मिठागरे घेतली गेली. मोबदला रोख रकमेचा, तोही शेतजमिनीच्या भावाने; आणि त्याच जमिनी पुढे शहरी भावाने विकल्या जाणार, हे शेतकऱ्यांना उघड दिसत होते. मिठागरावर राबणाऱ्या आणि खाडीत मासेमारी करणाऱ्या ज्या कुटुंबांच्या नावे सातबारा नव्हता, त्यांच्या उपजीविकेचा हिशेब कागदावर सहसा उमटतच नव्हता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले.

या पाच मृत्यूंनंतर धोरण पालटले. १९९० साली संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्राइतके विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचा निर्णय झाला. विमानतळासाठी २०१३-१४ मध्ये ठरलेल्या पुनर्वसनयोजनेत हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. केवळ रोख रक्कम, मग साडेबारा, मग साडेबावीस, या तीन आकड्यांत संस्थेने जे शिकावयाचे ते शिकल्याचा इतिहास साठविला आहे. मात्र हे शिक्षण आराखड्याच्या मेजावर झाले नाही. ते रस्त्यावर झाले, आणि त्याचे मोल ग्रामस्थांनी चुकविले. ज्यांच्या भूमीवर प्रकल्प उभा राहावयाचा त्यांना प्रारंभीच भागीदार मानणे, हे चौथे कौशल्य होय. ते पहिल्या पर्वातील त्या तज्ज्ञ मंडळाजवळ पुरेसे नव्हते, असे नाइलाजाने म्हणावे लागते. तीन विद्या मेजाभोवती होत्या. चौथी खुर्ची रिकामी होती.

५

अलीकडील दोन कामे या विवेचनास पूरक आहेत. बेलापूर ते पेंधर ही अकरा किलोमीटरची, अकरा स्थानकांची मेट्रो मार्गिका. तिची पायाभरणी २०११ साली झाली आणि प्रवासी वाहतूक १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. वसाहत टप्प्याटप्प्याने उघडता येते. दहा इमारतींपैकी सहा पूर्ण झाल्या तरी सहा कुटुंबसमूह राहावयास येतात. मेट्रोत तसे होत नाही. रूळ, वीज, संकेतयंत्रणा, गाड्या आणि आगार यांपैकी एक अपुरे असले तरी सारे व्यर्थ. घरे बांधण्यात मुरलेल्या संस्थेला हे निराळे काम होते. पुढे नागपूरची मेट्रो उभारणाऱ्या महामेट्रोचे साहाय्य घेण्यात आले आणि मग मार्गिका पूर्णत्वास गेली. आपल्या जुन्या यशाची मर्यादा ओळखणे हे पाचवे कौशल्य म्हणता येईल.

विमानतळाचा विचार १९९७ पासून चालू होता. पर्यावरणविषयक मंजुरी २०१० साली मिळाली, पायाभरणी २०१८ साली झाली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. या अठ्ठावीस वर्षांत उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला आणि दहा वस्त्यांचे स्थलांतर झाले. धावपट्टी व इमारतीचे प्रत्यक्ष बांधकाम या कालखंडाचा लहानसा भाग होय; बहुतेक वर्षे परवानग्या, पुनर्वसन आणि भूमीची सिद्धता यांत गेली. प्रकल्पाचा काळ बांधकामाच्या आरंभापासून मोजणारे वेळापत्रक किती फसवे असते, हे यावरून ध्यानी यावे.

६

पंचावन्न वर्षांच्या या इतिहासातून एक निष्कर्ष काढता येतो. नवी मुंबईत केवळ यंत्र किंवा गणित चुकल्याने काम अडले, असे प्रसंग थोडे. बहुतेक वेळी काम अडले ते दोन संस्थांच्या सीमेवर, शासन आणि ग्रामस्थ यांच्या सीमेवर, किंवा बांधकाम आणि देखभाल यांच्या सीमेवर. तंत्रज्ञान या सीमांच्या आत प्रभावी असते; सीमा ओलांडण्यास वाटाघाट, विश्वास आणि स्थानिक ज्ञानाविषयी आदर लागतो. हे गुण अभ्यासक्रमात दुय्यम मानले जातात, पण येथील कालगणना पाहता विलंबाची वर्षे त्यांच्याच अभावाच्या खाती जमा करावी लागतात. उघाडीची झडप केव्हा उघडावी आणि केव्हा मिटावी हे जाणणारा शेतकरी भरती-ओहोटी पाहत असे. प्रकल्पाच्या व्यवस्थापकालाही पाण्याबरोबर माणसांची भरती-ओहोटी वाचता आली पाहिजे.