वरचें गांव आणि खालचें गांव

नदीच्या शुद्धतेचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे बहुधा दोन समजुती गृहीत धरल्या जातात. पहिली अशी कीं, पूर्वींचे लोक धर्मभीरु होते म्हणून नद्या निर्मळ होत्या. धर्मबुद्धि लोपली आणि त्या नासल्या. दुसरी अशी कीं, माणसांची दाटी वाढली म्हणजे घाण वाढावयाचीच, तिला इलाज नाहीं. दोन्ही समजुती सोईच्या आहेत. पहिलीनें दोष काळावर ढकलतां येतो आणि दुसरीनें लोकसंख्येवर. परंतु सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतून वाहणाऱ्या कृष्णेचा गेल्या दोन शतकांचा इतिहास पाहिला, तर या दोहोंपैकीं एकही टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावून वाईवरून खालीं येते. साताऱ्याजवळ माहुलीस तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडास कोयना समोरासमोर येऊन भेटते, सांगलीनजीक हरिपुरास वारणा आणि पुढें नरसोबाच्या वाडीस पंचगंगा. या संगमांवर देवालयें आहेत, घाट आहेत. वाईस आजही घाटाघाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो. गुरु कन्या राशीस आला म्हणजे गंगा कृष्णेच्या भेटीस येते अशी श्रद्धा असून, बारा वर्षांनीं येणारें तें कन्यागताचें पर्व २०१६ सालींही भरलें होतें. तेव्हां धर्मबुद्धि लोपली हें म्हणणेंच मुळांत खरें नाहीं. ती आहे, पण ती ज्याला बांधते त्याच्या हातून आतां नदी नासत नाहीं. मनुस्मृतीनें पाण्यांत मलमूत्र टाकूं नये असें सांगितलें. कौटिल्यानें तीर्थाच्या व पाणवठ्याच्या जागीं घाण करणारास दंड ठरविला. हे सारे निर्बंध घाटावर उतरणाऱ्या एकेका माणसास उद्देशून आहेत. शहराच्या गटारास स्नानसंध्या नाहीं, सोंवळें नाहीं आणि पापाची भीतीही नाहीं. लाख माणसें आपापल्या परीनें श्रद्धाळू असलीं, तरी त्यांचें गटार खुशाल नास्तिक असूं शकतें.

मग पूर्वीं नदी निर्मळ कां होती? पहिलें कारण असें कीं, घाण नदीपर्यंत पोंचतच नसे. घरोघर नळ नव्हते. पाणी आडावरून किंवा नदीवरून डोक्यावर आणावें लागे, त्यामुळें तें जपून वापरलें जाई, आणि वापरलेलें पाणी परसांतील अळवाला नाहींतर केळींना जिरे. मैला वाहून नेण्याचें काम पाण्याकडे नव्हतें, माणसाकडे होतें. तो डोक्यावरून गांवाबाहेर जाई, त्याचें सोनखत होई व तें शेतांत पडे. नदी शुद्ध राहिली त्याची किंमत ज्यांच्या माथीं हें काम मारलें गेलें त्या मेहतर समाजानें पिढ्यान् पिढ्या मोजली. हें विसरून जुन्या निर्मळपणाचे गोडवे गाणें कृतघ्नपणाचें होईल. पाणवठ्याचीही तीच कथा. पिण्याचें पाणी वरच्या अंगास भरावें, त्याखालीं धुणीं धुवावींत, त्याखालीं गुरें पाजावींत, ही रीत शहाणपणाची खरी. पण माणसांपैकीं सर्वांत खालच्या अंगास कोणीं पाणी भरावयाचें, हें जातीनें ठरे. ती व्यवस्था मोडली हें योग्यच झालें. चूक झाली ती इतकीच कीं, माणसाच्या डोक्यावरचें ओझें उतरवून आपण तें नदीच्या डोक्यावर ठेविलें.

दुसरें कारण शहरांच्या जागेंत आहे. सातारा शाहूमहाराजांनीं अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं वसविलें. त्या शहरास पाणी वरून येई: आधीं यवतेश्वराच्या डोंगरांतून आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, इंग्रजी अमदानींत, कासच्या तलावांतून. वेण्णा व कृष्णा यांच्या मधल्या चढावर हें शहर बसलें. तेव्हां पाणी डोंगरावरून घ्यावयाचें व वापरलेलें पाणी उतारानें नद्यांकडे जावयाचें, हा क्रम भूमीनेंच लावून दिला. सांगलीचें याच्या उलट. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून विभक्त होऊन १८०१ च्या सुमारास सांगलीस आले आणि कृष्णाकाठचें एक लहानसें गांव राजधानी झालें. तें सपाटीवर, नदीच्या अगदीं काठीं. त्याला प्यावयाचें पाणी कृष्णेचें आणि पूरही कृष्णेचाच. १९२९ सालीं झालेल्या आयर्विन पुलाशीं पाण्याची उंची मोजण्याचा प्रघात अद्याप चालू असून २००५, २०१९ व २०२१ या सालांचे पूर सांगलीकर विसरणें शक्य नाहीं. वर जें सुटतें तें खालीं दारांत येतें, हा या दोन जिल्ह्यांच्या नात्याचा गाभा आहे.

हा क्रम पुष्कळ काळ निरुपद्रवी राहिला. कारखाने आले नव्हते असें नाहीं. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, १९१६ सालीं कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कांचकारखाना निघाला. परंतु त्यांचें काम लोखंडाचें व कांचेचें. नदींत सडेल असें द्रव्य त्यांतून फारसें निघण्याजोगें नव्हतें. खरा पालट १९५० नंतरचा. प्रवरेच्या काठीं सहकारी साखर कारखान्याचा प्रयोग यशस्वी झाला आणि कृष्णाकाठानें तोच कित्ता गिरविला. सांगलीस वसंतदादा पाटील यांच्या पुढाकारानें, कऱ्हाडजवळ रेठऱ्यास, वाळव्याच्या टापूंत, असे कारखाने उभे राहिले. त्यांनीं या भागाचें दैन्य फेडलें, शेतकऱ्यास पत दिली, शाळा व महाविद्यालयें काढलीं. हें ऋण नाकारून नदीची बाजू मांडणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. पण साखरेबरोबर मळी आली, मळीबरोबर मद्यार्क आला, आणि त्याच काळांत गांवोगांव नळ आल्यामुळें सांडपाणीही आलें.

पाणी नासतें म्हणजे काय होतें, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पाण्यांत प्राणवायु विरघळलेला असतो. उन्हाळ्यांतील तीस अंशांच्या पाण्यांत तो लिटरमागें साडेसात मिलिग्रॅमांच्या पलीकडे सहसा मावत नाहीं, आणि चारपांचांच्या खालीं उतरला कीं बहुतेक माशांचा श्वास कोंडूं लागतो. सेंद्रिय घाण नदींत पडली म्हणजे तिच्यावर जगणारे सूक्ष्म जंतु हा प्राणवायु खर्चून टाकतात. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरास असा दोनतीनशें मिलिग्रॅम प्राणवायु लागतो. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाण्याच्या एका लिटरास चाळीस-पन्नास हजार. आणि एका लिटर मद्यार्कामागें असें पाणी दहा-पंधरा लिटर निघूं शकतें. म्हणूनच त्याचा थेंबही नदींत जाऊं नये, असें धोरण २००३ सालीं सरकारनें व कारखानदारांनीं मिळून ठरविलें.

पण घाण किती पडते हा अर्धाच प्रश्न आहे. ती किती पाण्यांत पडते हा दुसरा अर्धा. इंग्लंडांत १८९८ सालीं नेमलेल्या रॉयल कमिशननें १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालांत नदींत सोडावयाच्या पाण्याचें माप घालून दिलें: त्याची प्राणवायूची भूक लिटरमागें वीस मिलिग्रॅमांहून अधिक नसावी. या मापामागें एक अट होती. सोडलेल्या पाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी नदींत वाहत असलें पाहिजे. आपल्याकडे त्याच जातीचें, तीस मिलिग्रॅमांचें, माप आलें. तें आठपट वाहतें पाणी मात्र बरोबर आलें नाहीं. कृष्णा पावसाळी नदी आहे. तिच्या वरच्या अंगास धोमचें धरण झालें; कोयनेचें पाणी अडवून त्यांतलें साडेसदुसष्ट अब्ज घनफूट दरसाल विजेसाठीं पश्चिमेकडे वळविण्यास बच्छावत लवादानें मान्यता दिली; उरलेल्या प्रवाहावर ठिकठिकाणीं कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आले; आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनीं पाणी उचलून आटपाडी-जतेकडील तहानलेल्या तालुक्यांस दिलें जाऊं लागलें. यांपैकीं एकही गोष्ट निरर्थक नाहीं. जतच्या शेतकऱ्यास पाणी देऊं नका, असें म्हणण्याची छाती कोणास होईल? परंतु परिणाम असा कीं, धरणांतून पाणी सुटेपर्यंत उन्हाळ्यांतली कृष्णा ही नदी नसून डबक्यांची माळ असते. भार वाढत गेला आणि वाहणारें पाणी घटत गेलें, हा सारा इतिहास या दोन वाक्यांत आहे. २०२३ च्या मार्चांत सांगलीच्या परिसरांत नदीकाठीं मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हां त्या दोन वाक्यांचा अर्थ लोकांनीं डोळ्यांनीं पाहिला.

मग कायदा काय करीत होता? महाराष्ट्रानें या बाबतींत आळस केला नव्हता. जलप्रदूषणाचा कायदा येथें १९६९ सालीं झाला, १९७० सालीं मंडळ स्थापन झालें. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ सालीं आला. पण या कायद्यानें मुख्यतः दोनच पक्ष मानले: परवानगी देणारें मंडळ आणि ती घेणारा कारखाना किंवा नगरपालिका. तिसरा पक्ष जें खालचें गांव, त्यांतील सामान्य माणसास स्वतः न्यायालयांत फिर्याद नेण्याची वाट १९८८ च्या दुरुस्तीनें मिळाली, आणि हरित न्यायाधिकरण तर २०१० च्या कायद्यानें आलें.

येथें युरोपांतील एका खालच्या गांवाची आठवण करणें उचित होईल. नेदरलंड्स, ज्याला आपण हॉलंड म्हणतों, हा देश ऱ्हाइन नदीच्या मुखाशीं आहे. दाटीच पाहावयाची तर २०११ च्या खानेसुमारींत दर चौरस किलोमीटरास साताऱ्यांत २८७ व सांगलींत ३२९ माणसें होतीं. हॉलंडांत पांचशेंहून अधिक आहेत. ॲमस्टरडॅम शहर ऱ्हाइनचें पाणी पितें. स्वित्झर्लंड, जर्मनी व फ्रान्स येथील कारखान्यांची घाण घेऊन ती नदी या देशांत येई, आणि १९७० च्या सुमारास तिची अवस्था इतकी खालावली होती कीं, साल्मन मासा तिच्यांतून नाहींसा झालेला होता. आल्सेसमधील पोटॅशच्या खाणी रोज हजारों टन क्षार नदींत सोडीत. त्यानें रॉटरडॅमजवळच्या मळेवाल्यांची रोपें जळूं लागलीं. त्यांनीं आपल्याच देशांतील न्यायालयांत फ्रेंच खाणींवर दावा लावला, आणि जेथें नुकसान झालें तेथेंही दावा चालूं शकतो, असा निकाल युरोपीय न्यायालयानें १९७६ सालीं दिला. पुढें १ नोव्हेंबर १९८६ रोजीं बाझलजवळ रसायनांच्या गुदामास आग लागून विषारी पाणी नदींत गेलें आणि जलचरांचा संहार झाला. दुसऱ्याच वर्षीं काठच्या राष्ट्रांनीं एकत्र कार्यक्रम आंखला. त्याची कसोटी म्हणून त्यांनीं कागदावरचा आंकडा नव्हे, तर २००० सालापर्यंत साल्मन परत आणण्याचें ठरविलें. १९९० नंतर तो मासा पुनः दिसूं लागला. हॉलंडची सर्व घाण गेली असें नव्हे. तेथील गुराढोरांच्या खतांतून उठणाऱ्या नत्राचा प्रश्न २०१९ सालीं वरिष्ठ न्यायसंस्थेच्या निकालानें ऐरणीवर आला. पण दाटी म्हणजे दैव नव्हे, एवढें ऱ्हाइननें सिद्ध केलें. दाटी कमी झाली नाहीं. खालच्या गांवाला बोलण्याची जागा मिळाली.

आतां सांगलीनेंही आपल्याकडे पाहिलें पाहिजे. शहराचें सांडपाणी घेऊन शेरीनाला कृष्णेस मिळतो, हें तेथें लहान मुलासही ठाऊक आहे. तें पाणी उचलून धुळगांवाकडे शेतीस देण्याची योजना आंखली गेली आणि वर्षानुवर्षें रेंगाळली. कऱ्हाडाकडे बोट दाखविणारी सांगली ही नरसोबाच्या वाडीचें वरचें गांव आहे, आणि वाडी ही कर्नाटकांतील काठच्या गांवांचें. उसाला पाणी देतां देतां वाळवा-मिरजेकडील काळ्या जमिनी क्षारपड झाल्या, तोही दोष कोणा परक्याचा नाहीं. नदीवर सर्वथा वरचें असें गांव महाबळेश्वराखेरीज नाहीं. बाकी प्रत्येक गांव कोणाचें तरी वरचें आहे आणि कोणाचें तरी खालचें. गाऱ्हाणें सांगतांना आपण खालचे होतों आणि खर्चाची वेळ आली कीं वरचे होतों.

म्हणून उपाय शोधावयाचा तो या नात्यांतच शोधला पाहिजे. उन्हाळ्यांत नदींत किमान किती पाणी वाहतें ठेवावयाचें, हें वीज व ऊंस यांच्या हिशेबाआधीं ठरावें. आणि वरच्या गांवानें सोडलेल्या पाण्याची परीक्षा खालच्या गांवाच्या डोळ्यांसमोर व्हावी. एक साधा नियम असाही करतां येईल कीं, ज्या शहरानें वा कारखान्यानें नदींत पाणी सोडावयाचें, त्यानें आपलें पिण्याचें पाणी त्याच जागेच्या खालच्या अंगास उचलावें. असा नियम एक वर्षभर जरी चालला, तरी जें काम इतक्या वर्षांत कायद्याच्या कागदांनीं झालें नाहीं तें होईल. पाणवठ्यावर एखाद्या जातीस कायम खालच्या अंगास उभें करणें हा अन्याय होता, हें आज सर्वांस पटतें. मग एखाद्या अख्ख्या शहरास तेथें उभें करणें न्याय्य कसें, याचें उत्तर कृष्णाकाठच्या प्रत्येक वरच्या गांवानें द्यावयाचें आहे.