खुपऱ्या: औषध, पाणी आणि मुलांचे डोळे

जिवाणूंमुळे मुलांचे डोळे आले तर चिपडे धरतात, पापण्या चिकटतात. औषध घातले की बहुधा काही दिवसांत डोळा बरा होतो. खुपऱ्यांचे तसे नाही. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जिवाणू लहानपणी पुन्हा पुन्हा डोळ्यात जातो. पापणीच्या आत व्रण साठतात. मोठेपणी पापणी आत वळते, केस बुबुळावर घासतात आणि दृष्टी जाते. संसर्ग बालपणी, अंधत्व कित्येक वर्षांनी.

हा आजार जुना आहे. सुश्रुतसंहितेतील ‘पोथकी’ म्हणजे खुपऱ्याच, असे अनेक अभ्यासक मानतात. पण त्याचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवणे १९५० च्या दशकात चीनच्या तांग फेइफान यांना साधले. भारतात १९६३ साली राष्ट्रीय खुपऱ्या नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९७६ साली तो अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सामील झाला.

आता अभियंत्याच्या नजरेने पाहू. पश्चिम युरोपातून खुपऱ्या बहुतांशी गेल्या त्या प्रतिजैविके येण्याआधीच. घरे सुधारली, पाणी जवळ आले, म्हणून. कारण हा जिवाणू बोटांवरून, एकाच पदराने किंवा टॉवेलने पुसलेल्या तोंडांवरून, एकाच बोटाने घातलेल्या काजळातून आणि माश्यांमार्फत पसरतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या चतुःसूत्रीत शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविक यांच्याबरोबर चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसर सुधारणाही आहेत.

आपले बंगळूरच घ्या. पुढे मिंटो नेत्र रुग्णालय झालेल्या संस्थेची सुरुवात १८९६ सालची. त्याच दशकात हेसरघट्टा तलावाचे पाणी नळाने शहरात आले. इतिहासात आपण पहिली नोंद ‘आरोग्य’ या प्रकरणात लिहितो, दुसरी ‘स्थापत्य’ या प्रकरणात. खुपऱ्यांच्या बाबतीत दोन्ही एकाच प्रकरणात हव्यात.

२०१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षण अहवालात मुलांमधील सक्रिय खुपऱ्यांचे प्रमाण ०.७ टक्के आढळले. निकष ५ टक्क्यांहून कमी असा आहे. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी भारताने सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून खुपऱ्यांचे उच्चाटन केल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. उच्चाटन म्हणजे शून्य रुग्ण नव्हे, हे विसरू नका.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बंगळूरच्या बोअरवेल आटल्या होत्या आणि टँकरसाठी लोक ताटकळत होते. पाणी मोजून वापरायची वेळ आली की मुलांचे तोंड धुणे मागे पडू शकते. उद्या तुम्ही एखाद्या वस्तीसाठी दरडोई लिटरचा हिशेब कराल, तेव्हा त्यात हे पाणीही धरा.